फिटच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि उतरलेले सोडियम

आपण कळविलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे त्यांनाही समजेल. आपले वडील ६४ वर्षांचे असून शिरोळ तालुक्यात शेती करतात. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेल्या फिटसाठी ते अनेक वर्षे कार्बामाझेपिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा घेत आहेत आणि गेल्या सहा वर्षांत त्यांना एकही फिट आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब निघाला. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने फरक पडेना म्हणून ते १० केले, तरीही वरचा आकडा १६०च्या खाली येईना, म्हणून इचलकरंजीच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी जोडली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वडील असंबद्ध बोलू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. तपासणीत रक्तातील सोडियम १२२ निघाले (१३५च्या खाली ते कमी समजतात) आणि त्यांना दाखल करावे लागले. आता कोल्हापुरातील न्यूरॉलॉजिस्ट फिटची गोळी बदलून लेव्हेटिरासिटॅम देण्याचा विचार करीत आहेत, तर घरातील काहींचे म्हणणे असे की सहा वर्षे फिट नाही, तेव्हा ती गोळीच बंद करावी. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: रक्तदाब इतक्या गोळ्यांनी का उतरला नाही, सोडियम कशाने उतरले, आणि फिटची गोळी बदलली तर रक्तदाबाचे काय होईल.

मी कोल्हापुरात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आणि या दोन आजारांच्या गोळ्या एकाच पिशवीत घेऊन येणारे रुग्ण नेहमीच पाहतो. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांच्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलूनच घ्यावा. परंतु आपले तिन्ही प्रश्न मुळात एकाच धाग्याचे आहेत आणि तो धागा उलगडून सांगता येण्यासारखा आहे. या औषधांची जोडी सहसा घात करीत नाही. घात होतो तो जोडीत काही नवे घालताना, काही काढताना किंवा मात्रा बदलताना, आणि तोही त्याच दिवशी न होता काही दिवसांनी, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी होतो, जेव्हा कोणाचेच लक्ष नसते.

पहिला प्रश्न रक्तदाबाचा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन (आपल्याकडे एप्टॉइन या नावाने घरोघरी माहीत असलेली गोळी), फेनोबार्बिटोन म्हणजे गार्डिनाल आणि प्रिमिडोन ही फिटची जुनी औषधे यकृतातील एन्झाइमांचे प्रमाण वाढवितात. त्यांतील सीवायपी ३ए४ नावाचे एन्झाइम आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, कारण रक्तदाबाची बरीच औषधे तेच मोडते. साखर कारखान्याने गळीत हंगामासाठी जादा कामगार भरावेत तसे हे घडते: भरती एका दिवसात पूर्ण होत नाही, तिला दोन-तीन आठवडे लागतात, आणि हंगाम संपला तरी कामगार दुसऱ्या दिवशी गावी जात नाहीत, त्यालाही तितकाच काळ लागतो. वडिलांच्या यकृतात हे जादा मनुष्यबळ अनेक वर्षांपासून कामावर आहे. त्यामुळे नव्याने दिलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळी इतर माणसाच्या शरीरात जितका वेळ टिकली असती तितकी त्यांच्या शरीरात टिकत नसण्याची शक्यता मोठी आहे.

अ‍ॅम्लोडिपिन ज्या गटात मोडते त्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातील सर्व औषधांवर हा परिणाम सारखा होत नाही. फेलोडिपिनवर तो फार तीव्र होतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात फेलोडिपिनचे प्रमाण ही औषधे न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ७ टक्केच भरले होते, म्हणजे गोळी घेतली काय आणि न घेतली काय, जवळपास सारखेच. निमोडिपिन आणि निसोल्डिपिन यांचीही अशीच गत होते, निफेडिपिनचेही प्रमाण बरेच घटते. व्हेरापामिल तोंडाने दिल्यास फारच थोडे रक्तात पोहोचते. आजकाल पायाला सूज कमी येते म्हणून आवडीने लिहिले जाणारे सिल्निडिपिन याच एन्झाइमावर अवलंबून आहे. अ‍ॅम्लोडिपिन यकृतात सावकाश मोडते आणि मुळातच दीर्घकाळ टिकते, त्यामुळे ते इतके निकामी होत नाही. पण औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकातही अशा एन्झाइम वाढविणाऱ्या औषधांबरोबर ते देताना रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवा, असेच सांगितलेले असते. तेव्हा ५ ने भागले नाही, १० नेही पुरते भागले नाही, यात वडिलांनी पथ्य मोडले किंवा गोळी चुकविली असे लगेच गृहीत धरू नये. घरात या कारणावरून त्यांना बोलणी बसली असतील, तर ती बहुधा अनाठायी होती.

अर्थात मिठाचा मुद्दा मी सोडणार नाही. खर्डा, लोणचे, पापड आणि दोन वेळच्या तिखट रश्श्यातून पोटात जाणारे मीठ आपल्या भागात कमी नसते, आणि त्यावर कोणत्याही गोळीची मात्रा चालत नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकल दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तदाब चढतो आणि टेल्मिसार्टनचा परिणाम कमी होतो. शेतकरी माणूस अंगदुखीच्या गोळीला औषध समजतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावरही तिचे नाव सांगत नाही. ते एकदा घरीच तपासून घ्यावे.

मग वडिलांसारख्या रुग्णाला रक्तदाबासाठी काय द्यावे? जी औषधे या एन्झाइमाच्या वाटेला जात नाहीत, त्यांच्याकडे आधी वळावे. टेल्मिसार्टन यकृतातूनच बाहेर पडते, पण सीवायपी एन्झाइमांनी मोडले जात नाही. लिसिनोप्रिल जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर टाकले जाते. रॅमिप्रिल व एनालाप्रिल यांचाही या एन्झाइमाशी संबंध नाही. अ‍ॅटेनोलॉल मूत्रपिंडातून जाते, तर प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल यकृतात मोडतात, म्हणून फेनोबार्बिटोनसारख्या बार्बिट्युरेट गटातील औषधांबरोबर त्यांचे प्रमाण कमी होते. मात्र साठीनंतर केवळ रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉलपासून सुरुवात करण्याच्या मी विरुद्ध आहे. छातीत दुखणे किंवा ठोक्यांचा त्रास असे वेगळे कारण असेल तरच ते द्यावे. लोसार्टनची गोष्ट थोडी निराळी आहे. ते शरीरात गेल्यावर सीवायपी २सी९ या दुसऱ्या एन्झाइमाकडून त्याचे अधिक प्रभावी रूप तयार होते आणि फेनिटॉइन त्याच एन्झाइमावर गर्दी करते, त्यामुळे ते प्रभावी रूप कमी बनते. प्रत्यक्ष रक्तदाबावर याचा किती फरक पडतो हे माणसागणिक बदलते. पण टेल्मिसार्टन तितक्याच सहज मिळत असताना फेनिटॉइनवर असलेल्या रुग्णाला मी लोसार्टन नव्याने सुरू करीत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत खरा धोका इथेच होता. कार्बामाझेपिन शरीरातील पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखा परिणाम घडविते. मूत्रपिंड पाणी बाहेर टाकण्यात काटकसर करते, रक्तात पाणी वाढते आणि सोडियम पातळ होते. बहुतेक रुग्णांमध्ये ते १३५च्या थोडे खाली म्हणजे १३० ते १३४च्या दरम्यान रेंगाळते, कोणाला काही जाणवत नाही आणि कोणी तपासतही नाही. वडिलांचे सोडियम गेली कित्येक वर्षे असेच काठावर असणे शक्य आहे; जुना एखादा रिपोर्ट सापडला तर तो जरूर पाहावा. अशा माणसाला हायड्रोक्लोरोथायाझाइड दिले, म्हणजे लोक ज्याला पाण्याची गोळी म्हणतात ती दिली, की ती मूत्रपिंडातून सोडियम बाहेर काढते आणि लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडाची शक्तीही कमी करते. एक औषध पाणी अडवून धरते, दुसरे मीठ काढून टाकते. साठीच्या पुढचे वय, कमी जेवण, उन्हात भरपूर पाणी पिणे, एखादा उपवास किंवा जुलाब यांची भर पडली की सोडियम दोन-तीन आठवड्यांत १२५च्या खाली घसरते. तुम्ही सांगितलेला तिसरा आठवडा या हिशेबात अगदी बसतो. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही याच जातीची औषधे असून त्यांचाही हाच धोका आहे, तेव्हा एकाऐवजी दुसरे घेऊन प्रश्न सुटत नाही.

सोडियम इतके उतरल्यावर स्वतःच फिट येऊ शकते. ही बाब मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण अशा वेळी फिट आली की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही फिटचा आजार बळावला असे समजतात आणि कार्बामाझेपिनची मात्रा वाढवितात. त्याने सोडियम आणखी उतरते. फिटचा जुना रुग्ण बऱ्याच काळाने पुन्हा फिट घेऊन आला आणि मधल्या महिन्यात रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली असेल, तर मात्रा वाढविण्याआधी सोडियम तपासलेच पाहिजे. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते, स्वस्त आहे आणि रिपोर्ट काही तासांत मिळतो.

यावर उपाय म्हणून घरी मीठपाणी पाजण्याचा मोह होतो, तो टाळावा. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ पाजून सोडियम चढत नाही, रक्तदाब मात्र चढतो. शिवाय फार उतरलेले सोडियम घाईने वर आणल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच रुग्णालयात २४ तासांत ८ ते १० अंकांपेक्षा जास्त वाढ होऊ नये अशा बेताने ते हळूहळू वाढविले जाते. वडिलांना काही दिवस ठेवून घेतले ते याच कारणाने, आणि ते योग्यच झाले.

यातून एक व्यवहार्य गोष्ट शिकण्यासारखी आहे. रक्तदाबाच्या एकत्र गोळ्यांच्या नावामागे लहान अक्षरे असतात. 'एच' असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे, 'एएम' असेल तर अ‍ॅम्लोडिपिन आहे, क्लोरथॅलिडोनसाठी वेगळी अक्षरे असतात. दुकानात एक पट्टी संपली म्हणून दुसरी मिळते, मूळ नाव तेच राहते, मागची अक्षरे बदलतात आणि पाण्याची गोळी गुपचूप परत सुरू होते. म्हणून मी रुग्णाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर, वर, मराठीत लिहून देतो की या रुग्णास पाण्याची गोळी देऊ नये, सोडियम उतरते. आपणही आपल्या डॉक्टरांकडून असे लिहून घ्यावे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

इथे एक इशाराही देतो, कारण वडिलांचा रक्तदाब उतरत नाही म्हणून पुढची गोळी शोधताना कोणाच्या तरी मनात डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल येऊ शकते. ही दोन औषधे उलट्या दिशेने काम करतात. कार्बामाझेपिन ज्या एन्झाइमाने मोडते त्यालाच ती रोखतात, आणि काही दिवसांतच कार्बामाझेपिनचे रक्तातील प्रमाण जवळपास दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. रुग्णाला एकाचे दोन दिसू लागतात, डोळे थरथरतात, जीभ जड होते, तो झोकांड्या खात चालतो. गावात लोक म्हणतात प्यायला असेल, आणि घाबरलेले घरचे अर्धांगवायू समजून सीटी स्कॅनला घेऊन येतात. स्कॅन सर्वसाधारण येतो. अशा रुग्णाची कार्बामाझेपिनची पातळी दर मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅमच्या वर निघते आणि डिल्टियाझेम काढल्यावर तो काही दिवसांत पूर्ववत होतो. हृदयासाठी डिल्टियाझेम देणे अपरिहार्यच असेल तर कार्बामाझेपिनची मात्रा आधीच कमी करून, पातळी मोजत द्यावे लागते. केवळ रक्तदाबासाठी मात्र ही जोडी जमविण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

फेनिटॉइनवर असलेल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पायावर सूज आली म्हणून फ्युरोसेमाइड म्हणजे लॅसिक्स दिले तर फेनिटॉइनमुळे त्याचा परिणाम कमी होतो. रुग्ण सांगतो की गोळी घेऊनही लघवी होत नाही, आणि ते खरे असते. पुष्कळदा ती सूज अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅमचीच असते, तेव्हा लॅसिक्स जोडण्यापेक्षा अ‍ॅम्लोडिपिन कमी करणे शहाणपणाचे ठरते. नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबॅलिन चालू असेल तर त्यानेही सूज येते. दुसरी गोष्ट फेनिटॉइनच्या पातळीची. ती मात्रेच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. एका मर्यादेनंतर थोडीशी मात्रा वाढविली तरी पातळी एकदम उसळते. त्यामुळे त्यात ढवळाढवळ करणारे कोणतेही औषध, मग ते डिल्टियाझेम असो, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल असो की क्षयरोगाचे आयसोनियाझिड, काठावरच्या रुग्णाला लगेच विषबाधेकडे ढकलते.

आता तिसरा प्रश्न, फिटची गोळी बदलण्याचा. आधी घरातल्यांच्या सूचनेबद्दल: गोळी एकदम बंद करू नये, हे निःसंदिग्धपणे सांगतो. सहा वर्षे फिट न येणे हा त्या गोळीचाच परिणाम असण्याची शक्यता डोक्याला मार लागून सुरू झालेल्या आजारात जास्त असते, कारण मेंदूवरचा व्रण जागचा जात नाही. एकदम थांबविल्यास लागोपाठ फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. आणि विहिरीवर, शेततळ्यावर किंवा मोटरसायकलवर फिट आली तर काय होते हे शिरोळकरांना मी सांगायला नको.

बदल करायचाच असेल तर लेव्हेटिरासिटॅम ही निवड या दृष्टीने चांगली आहे. ते यकृतातील एन्झाइमांना हात लावत नाही, बहुतांशी मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशी त्याचे भांडण जवळपास नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखविणारी रक्ततपासणी) वाढलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ते आधी तपासावे. काही रुग्णांचा स्वभाव त्याने चिडखोर होतो. घरच्यांनी पहिले दोन महिने त्यावर नजर ठेवावी आणि झाले तर ते डॉक्टरांना सांगावे, म्हातारपणामुळे होत असेल म्हणून सोडून देऊ नये. जो पर्याय मी वडिलांसाठी ठामपणे नाकारीन तो ऑक्सकार्बाझेपिनचा. कार्बामाझेपिनचा सौम्य भाऊ म्हणून ते पुष्कळदा सुचविले जाते, एन्झाइम वाढविण्याची त्याची प्रवृत्ती कमी आहे हेही खरे, पण सोडियम उतरविण्यात ते कार्बामाझेपिनच्या पुढे आहे. व्हॅल्प्रोएट रक्तदाबाच्या गोळ्यांना निकामी करीत नाही, उलट निमोडिपिनसारख्या एखाद्या औषधाचे प्रमाण वाढविते. वजन, हाताची थरथर आणि यकृत यांचा विचार करून ते देता येते. लॅकोसामाइड देण्याआधी ईसीजी काढावा, विशेषतः रुग्ण बीटा ब्लॉकर (अ‍ॅटेनोलॉलच्या गटातील औषध) किंवा डिल्टियाझेम घेत असेल तर, कारण हृदयातील विद्युत संदेश दोन्हींमुळे मंदावतात. टोपिरामेटबरोबर पाण्याची गोळी असेल तर टोपिरामेटचे प्रमाण वाढते आणि पोटॅशियमही घसरू शकते.

परंतु बदल करायचा ठरला की लक्ष ठेवण्याचा खरा काळ सुरू होतो. कार्बामाझेपिन आठवड्या-आठवड्याने कमी करीत थांबविले जाईल. त्यानंतर दोन ते तीन आठवडे यकृतातील एन्झाइम हळूहळू मूळ पातळीवर येतील. आजवर जे अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम अर्धवट काम करीत होते ते आता पूर्ण ताकदीने काम करू लागेल. रक्तदाब १६० वरून कोणतीही नवी गोळी न जोडता खाली येईल, आणि त्यावर टेल्मिसार्टन असेल तर तो जास्तही उतरू शकेल. पहाटे उठून परसात जाताना किंवा गोठ्यात वाकून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडतो. नेमकी त्याच काळात फिटची गोळी बदललेली असल्याने घरचे समजतात की फिट आली, डॉक्टरांना तसेच कळवितात आणि नव्या गोळीची मात्रा विनाकारण वाढते. पडण्यापूर्वी रक्तदाब किती होता हे कोणी मोजलेले नसते. म्हणून घरात दंडावर बांधायचे रक्तदाब यंत्र ठेवावे. मनगटाचे यंत्र मी सुचवीत नाही. कार्बामाझेपिन कमी करायला सुरुवात केल्यापासून ते बंद झाल्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत आठवड्यातून किमान दोन दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसवून मोजावे आणि मग उभे करून एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, किंवा बसून ११०च्या खाली येत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. फिट आल्यानंतर लगेच मोजलेला रक्तदाब चढलेलाच असतो, त्यावरून काही ठरवू नये. तो चढलेलाच राहिला, डोके फार दुखत असेल, नजर अंधुक झाली असेल आणि आकडा १८०च्या पुढे असेल तर मात्र गोष्ट उलटी असू शकते, म्हणजे रक्तदाबानेच फिट आणलेली असू शकते, आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

माझे मत विचारलेत तर ते असे आहे. सहा वर्षे फिट नाही ही मिळकत मोठी आहे, ती रक्तदाबाच्या सोयीसाठी सहज पणाला लावू नये. आधी पाण्याची गोळी कायमची काढावी. टेल्मिसार्टनची मात्रा पूर्ण करावी, अ‍ॅम्लोडिपिन ठेवावे, मीठ आणि वेदनाशामक गोळ्या आवराव्यात, आणि दोन आठवड्यांनी व चार आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहावे. पाण्याच्या गोळीशिवायही सोडियम १३०च्या खालीच राहिले, किंवा रक्तदाब १४०च्या खाली आणण्यासाठी चौथी गोळी लागू लागली, तर लेव्हेटिरासिटॅमकडे जाण्याचा न्यूरॉलॉजिस्टचा विचार मला पटतो. त्यांच्याकडे याहून वेगळी कारणे असू शकतात. एन्झाइम वाढविणाऱ्या या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढते, हाडे ठिसूळ होतात, कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांचा परिणाम घटतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या रुग्णाला रक्ताची गुठळी होऊ न देणारे अपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन द्यावे लागले तर ती औषधे कार्बामाझेपिन व फेनिटॉइनबरोबर भरवशाची राहत नाहीत, आणि तिथे चूक झाली तर किंमत अर्धांगवायूची असते. यापैकी काही वडिलांना लागू असेल तर माझे मतही बदलेल.

बाकीच्या काही गोष्टी भराभर सांगतो. घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिल्यास कार्बामाझेपिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही वाढतात, अ‍ॅझिथ्रोमायसिन चालते. दुखण्यासाठी ट्रामाडॉल फिटच्या रुग्णाने घेऊ नये. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही आयुर्वेदिक गोळ्यांत सर्पगंधा असते; तिच्यातील रेसरपिन रक्तदाब खरोखरच उतरविते, पण फिटची प्रवृत्ती वाढवू शकते, तेव्हा वैद्यांनाही फिटचा आजार सांगावा. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळल्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. पपनस मोसमात एखादी फोड खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण रोज रस पिण्याची सवय नको, कारण त्यातील द्रव्ये सीवायपी ३ए४ याच एन्झाइमाला रोखतात. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांची कंपनी शक्यतो बदलू नये. स्वस्त गोळी घ्यायला हरकत नाही, पण मग कायम तीच घ्यावी. घरात कोणी गरोदर स्त्री या दोन्ही आजारांची रुग्ण असेल तर वरचे काहीही तिला लागू करू नये; टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल तिला वर्ज्य आहेत, व्हॅल्प्रोएट तर शक्यतो नकोच, आणि गरोदरपणात आलेली फिट रक्तदाबाची आहे की जुन्या आजाराची हे स्त्रीरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि सध्या घरात असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, अंगदुखीच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एकाच पिशवीत न्याव्यात. एका कागदावर कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, कधी वाढली, कधी थांबली हे लिहावे. निदान करताना मला हा तारखांचा कागद पुष्कळदा एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कार्बामाझेपिनची पातळी तपासायची असेल तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर कोल्हापुरातील दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत दोन्ही आजारांचा विचार एकाच ठिकाणी होऊ शकतो.

आणि आपण शिरोळचे म्हणून एक जादा सूचना. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या पुराने रस्ते बंद झाले, तेव्हा गोळ्या संपून बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत. फिटची गोळी दोन-तीन दिवस चुकली तरी फिट येऊ शकते, आणि क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर एकदम चुकल्यास रक्तदाब उसळी मारतो. जून संपण्याआधी दोन्ही आजारांच्या किमान महिनाभराच्या गोळ्या घेऊन ठेवाव्यात आणि त्या चिठ्ठीसह प्लास्टिकच्या बंद डब्यात, माळ्यावर, घर सोडताना हाताला लागतील अशा ठिकाणी ठेवाव्यात.